इन्शुलिन बाहेरच थांबतं

संशोधक मित्रहो आणि मागच्या खुर्च्यांवर बसलेले पाटस, वरवंड, कुरकुंभचे ग्रामस्थहो,

पेशीविज्ञानाच्या परिषदेला पुण्यात जागांची वाण नाही. राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र तिथेच आहे, पाषाणला आयसर आहे. तरी तुम्ही सोलापूर रस्त्यानं पाटसला आलात. तुकोबांची पालखी रोटी घाटाकडे जाताना आमच्याकडूनच जाते, तेव्हा पाहुण्यांची आम्हाला सवय आहे. प्रोटीन कायनेजवर बोलणारे पाहुणे मात्र नवे!

मी इथला साधा डॉक्टर. भीमा कारखान्याच्या परिसरातल्या माणसाला साखर कशी बनते हे सांगावं लागत नाही. ती रक्तातून पेशीत कशी जाते, हे मात्र रोज सांगावं लागतं. त्यासाठी लागणारं इन्शुलिन पेशीच्या आत शिरत नाही. ते पेशीपटलाबाहेरच रिसेप्टरला चिकटतं. निरोप्या उंबऱ्याबाहेर आणि निरोप माजघरात! रिसेप्टरचा आतला भाग स्वतःच एक कायनेज, म्हणजे फॉस्फेट चढवणारं विकर आहे, हे १९८२ मध्ये कळलं. तो जागा होऊन शेजारच्या प्रथिनातल्या टायरोसीन या अमिनो आम्लावर फॉस्फेट चढवतो, तिथून एकामागून एक कायनेज कामाला लागतात आणि स्नायूपेशीच्या आत राखून ठेवलेली ग्लुकोजवाहक प्रथिनं पटलावर येतात. फॉस्फेट चढवण्या-उतरवण्याची ही रीत फिशर आणि क्रेब्स यांनी १९५५ च्या सुमारास स्नायूंवर काम करताना उलगडली. नोबेल मिळायला १९९२ उजाडलं.

माझ्याकडे येणाऱ्या मधुमेहींत पोट सुटलेले पुढारी असतात, त्याचं नवल नाही. पण सडसडीत शेतकरीही असतात. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गरोदर बायकांचा आणि पुढे त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. ती बाळं वजनानं हलकी, पण चरबी राखून जन्मलेली निघाली. चरबी वाढली की काही कायनेज रिसेप्टरशेजारच्या त्याच प्रथिनावर भलत्या जागी, सेरीनवर, फॉस्फेट चढवतात आणि निरोप अडतो, असं बरेच संशोधक मानतात. आमच्या सडसडीत माणसांत तो नेमका इथेच अडतो का? उंदरांचे निष्कर्ष पुष्कळ ऐकले. शिरूर-दौंडच्या माणसाच्या स्नायूत काय घडतं ते कुणीतरी शोधा. आणि एक सत्र तरी मराठीत घ्या, नाहीतर मागच्या खुर्च्या दुपारी रिकाम्या होतील.

जेवणात पुरणपोळी आहे. विषय पाहता ती नको, असं समितीत काहींचं म्हणणं होतं. ते मी मानलं नाही. ज्यांना वर्ज्य आहे त्यांच्यासाठी पिठलं-भाकरी केली आहे.

स्वागत समितीच्या वतीनं मी आपणा सर्वांचं मनःपूर्वक स्वागत करतो आणि अध्यक्षांना परिषदेचं काम सुरू करण्याची विनंती करतो.