गोटा कालव्यातील नौकासफर



भाचीने मला स्वीडनमधील गोटा कालव्यातून नावेने नेले. १९० किलोमीटरांचा हा जलमार्ग १८३२ साली पुरा झाला. पैकी ८७ किलोमीटर खणलेले, तेही बहुतेक सैनिकांच्या हातांनी. ज्यांनी ध्यास घेतला ते फॉन प्लाटेन १८२९ मध्येच वारले. आता तेथे बहुतेक हौशी लोकांच्या नावा. सोडरशोपिंगच्या बंदरात त्या एकीला एक लागून. दोरीवर कपडे, फोडणीसारखा वास, अगदी आपली चाळ!

बर्गला मात्र सात हौद जिन्यासारखे. मागचे दार मिटते, वरून पाणी सुटते, नाव चढते; एकूण जवळजवळ १९ मीटर. दारे चालवणारी मुलगी विशीची. भाचीने काठावर दोर अडकवला, ढिला पडेल तसा ओढायचा मी! मला पोहता येत नाही. तरी सातही हौद दोर सोडला नाही. तळहातावरचे वळ दोन दिवस होते.