सहा किलोमीटरचा चौकोन



भिलाई म्हटले की पोलाद कारखान्याच्या झोतभट्ट्या डोळ्यांपुढे येतात. पण शहराची सीमा ओलांडताच दुर्ग जिल्ह्याची भातखाचरे लागतात. छत्तीसगडमधील अनेक शेतकरी पेरणीनंतर सुमारे महिन्याने, खाचरात पाणी साचले असताना, उभ्या भातात हलकी नांगरट करतात. या ‘बियासी’ला पाऊस वेळेवर लागतो. ‘जिल्ह्यात तुरळक ठिकाणी सरी’ एवढ्या भाकितावर नांगर जुंपता येत नाही.

भाकीत असे मोघम का राहते? संगणकीय प्रारूपात वातावरण चौकोनांच्या जाळ्यात विभागले जाते आणि प्रत्येक चौकोनात, एका उंचीवर, तापमान, आर्द्रता व वारा यांचे एकेकच मूल्य धरले जाते. भारताच्या पूर्वीच्या जागतिक प्रारूपात हे अंतर 12 किलोमीटर होते. म्हणजे एका चौकोनात सुमारे 144 चौरस किलोमीटर. कारखाना, वसाहत आणि शिवार त्यात एकजीव होत. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने विकसित केलेल्या आणि 26 मे 2025 रोजी राष्ट्रार्पण झालेल्या ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ने हे अंतर 6 किलोमीटरवर आणले. चौकोन 36 चौरस किलोमीटरचा झाला.

अंतर निम्मे झाले म्हणजे गणित दुप्पट झाले, असे समजणारा उमेदवार येथे फसतो. बिंदू दोन्ही दिशांना दुप्पट होतात, म्हणून चौपट. शिवाय गणना स्थिर राहावी यासाठी कालांतराची पायरीही निम्मी करावी लागते. एकूण भार सुमारे आठपट! पुण्यात 2018 मध्ये आलेल्या 4 पेटाफ्लॉप्सच्या ‘प्रत्युष’ला तो जड होता. 26 सप्टेंबर 2024 रोजी राष्ट्रार्पण झालेल्या ‘अर्का’ची क्षमता 11.77 पेटाफ्लॉप्स, म्हणजे सेकंदाला सुमारे 11,770 लाख कोटी गणिती क्रिया, इतकी आहे.

मात्र ‘पंचायत पातळीवरील अंदाज’ हा शब्दप्रयोग जपून वापरलेला बरा. बंगालच्या उपसागरातून ओडिशामार्गे येणारा कमी दाबाचा पट्टा शेकडो किलोमीटरचा असतो. तो जाळ्यात चांगला सापडतो. दुपारी एकाएकी उठणारा गडगडाटी ढग अवघा काही किलोमीटर रुंद असतो. कोणताही आकार नीट उमटण्यास लागोपाठ अनेक चौकोन लागतात. ते नसल्यामुळे अशा ढगांचा परिणाम ठोकळ सूत्रांनी, म्हणजे प्राचलीकरणाने, धरावा लागतो. त्यातच आरंभीची निरीक्षणे विरळ असतील, तर बारीक जाळेही चूक तितक्याच बारकाईने पुढे नेते.

हा ढग पकडायचा तर अंतर 3 किलोमीटर किंवा त्याहून कमी हवे, आणि त्या एका टप्प्यासाठी गणित पुन्हा आठपट वाढते.