जुळणीच्या यादीचे व्याकरण

मराठी शाळांतून व्याकरणाच्या तासाला एक प्रश्न हमखास विचारला जाई : ‘अधोरेखित शब्दांचे व्याकरण चालवा.’ शब्दाची जात कोणती, लिंग, वचन, विभक्ती कोणती, आणि वाक्यातील इतर पदांशी त्याचा संबंध काय, हे विद्यार्थ्याने क्रमाने सांगावयाचे. वाक्याचा अर्थ नुसता समजला म्हणून गुण मिळत नसत. तो कसा निघाला हे पदापदाने दाखवावे लागे. संगणकाच्या क्षेत्रात ‘पार्सिंग’ हा जो शब्द रूढ झाला आहे, तो मूळचा याच व्याकरणातला. माणसाच्या डोळ्यांसाठी छापलेला मजकूर यंत्राला वाचावयाचा असेल, तर त्याचेही व्याकरण आधी चालवावे लागते. आजच्या जीवशास्त्राच्या एका मोठ्या भागाची मदार या कामावर आहे, आणि ते जेथे मोठ्या प्रमाणावर झाले अशा ठिकाणांपैकी एक म्हणजे बंगळूरच्या पूर्वेस असलेले व्हाइटफील्ड.

व्हाइटफील्डचा पूर्वेतिहास या कामाशी काडीचाही संबंध नसलेला आहे. म्हैसूरचे महाराज चामराजेंद्र वडियार यांनी दिलेल्या जमिनीवर अँग्लो-इंडियन कुटुंबांची शेतीप्रधान वसाहत म्हणून १८८२ साली हे गाव वसले, डी. एस. व्हाइट या त्या समाजाच्या पुढाऱ्यावरून त्याला नाव मिळाले. शंभराहून अधिक वर्षे ते एक शांत खेडे होते. १९९० च्या दशकात भारत आणि सिंगापूर यांच्या सहकार्याने तेथे इंटरनॅशनल टेक पार्क उभे राहिले, आणि गावाचे रूप पालटले. याच संकुलात २००२ साली अखिलेश पांडे यांच्या पुढाकाराने ‘इन्स्टिट्यूट ऑफ बायोइन्फर्मॅटिक्स’ ही संशोधनसंस्था सुरू झाली. सजीवांच्या शरीरातील प्रथिनांची माहिती गोळा करणे, तिची छाननी करणे आणि ती जगातील संशोधकांना उपलब्ध करून देणे, हा तिचा उद्योग.

प्रथिन म्हणजे अमायनो आम्लांची माळ. या आम्लांचे नेहमीचे प्रकार वीस; प्रत्येकाला एकेक रोमन अक्षर नेमून दिलेले आहे. तेव्हा प्रत्येक प्रथिन हे वीस अक्षरांच्या लिपीत लिहिलेले एक लांबलचक पद होय. इन्शुलिनचे पद ५१ अक्षरांचे आहे. त्याचा क्रम फ्रेडरिक सँगर यांनी उलगडला आणि त्याबद्दल त्यांना १९५८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. मार्गारेट डेहॉफ यांनी १९६५ साली ज्ञात प्रथिनक्रमांचा पहिला संग्रह छापला, तेव्हा त्यात अवघी ६५ प्रथिने होती. आज अशा क्रमांची संख्या कोटींच्या घरात गेली आहे. नवा क्रम हाती आला की संशोधक पहिला प्रश्न विचारतो तो हा : याच्यासारखे दुसरे काही पूर्वी कोणी पाहिले आहे काय ?

हा प्रश्न मराठी माणसाला अपरिचित नसावा. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात १९१९ साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम सुरू झाले आणि ते १९६६ साली पुरे झाले. त्यासाठी १२५९ हस्तलिखिते तपासण्यात आली. पाठ जुळविण्याचे काम आखलेल्या कागदांवर चाले : वरच्या ओळीत श्लोकाचे एकेक अक्षर एकेका चौकटीत लिहावयाचे, आणि निरनिराळ्या पोथ्यांत जेथे जेथे वेगळे अक्षर आढळेल, तेथे तेथे ते त्याच चौकटीखाली नोंदवावयाचे. प्रमुख संपादक डॉ. विष्णु सीताराम सुखटणकर हे केंब्रिजला गणित शिकलेले होते, हे या संदर्भात लक्षात घेण्याजोगे आहे. दोन पोथ्यांत तेच वेगळेपण वारंवार आढळले, तर त्यांचे कूळ एक असावे, असा तर्क करता येतो. जीवशास्त्रज्ञ प्रथिनांच्या बाबतीत हाच तर्क करतो. त्याच्या पोथ्या माणूस, बैल, डुक्कर, मासा आणि जंतू यांच्या पेशींत असतात, इतकेच.

मानवी इन्शुलिन आणि गाईचे इन्शुलिन एकाखाली एक मांडले, तर ५१ पैकी ४८ ठिकाणी अक्षरे तंतोतंत जुळतात. ‘अ’ साखळीतील आठव्या, नवव्या आणि दहाव्या स्थानी मानवी क्रमात टी, एस, आय ही अक्षरे आहेत. गाईच्या क्रमात तेथे ए, एस, व्ही अशी आहेत. संगणकाच्या अहवालात या दोन ओळींच्या मध्ये तिसरी ओळ छापलेली असते. एस जुळल्यामुळे तेथे पुन्हा एस येतो. आय आणि व्ही ही आम्ले गुणधर्माने एकमेकांच्या जवळची, म्हणून तेथे अधिक चिन्ह येते. टी आणि ए यांच्या वाट्याला कोरी जागा येते. पोथीच्या समासातील टीपेइतकीच ही ओळ बोलकी असते.

दोन क्रमांची उत्तम जुळणी काटेकोरपणे काढण्याची रीत नीडलमन आणि वुन्श यांनी १९७० साली दिली. जुळणारा नेमका तुकडा शोधण्याची रीत स्मिथ आणि वॉटरमन यांनी १९८१ साली दिली. परंतु लक्षावधी क्रमांच्या भांडारावर या रीती चालविण्यास फार वेळ लागे. १९९० साली आल्टशूल, गिश, मिलर, मायर्स आणि लिपमन यांनी ‘ब्लास्ट’ ही आज्ञावली प्रसिद्ध केली. तिची युक्ती सोपी आहे. सबंध क्रम जुळविण्याऐवजी आधी तीन-तीन अक्षरांचे छोटे शब्द भांडारात कोठे सापडतात ते पाहावयाचे, आणि सापडले तेथून जुळणी दोन्ही बाजूंना वाढवीत न्यावयाची. यात एखादी जुळणी निसटण्याचा थोडा धोका पत्करलेला आहे. पण त्या बदल्यात वेग मिळाला, आणि ब्लास्ट हे जगभरच्या प्रयोगशाळांचे नित्याचे हत्यार बनले.

एका क्रमाच्या शोधाचा अहवाल माणूस सहज वाचू शकतो. दहा हजार क्रमांचा अहवाल कोणी वाचू शकत नाही. तेथे दुसरी एक आज्ञावली लिहावी लागते, जी पहिलीचे उत्तर वाचील. या कामासाठी पर्ल आणि पायथन या संगणकभाषांत संशोधकांनी सामायिक साहित्य तयार केले. ‘बायोपर्ल’ आणि ‘बायोपायथन’ या नावांनी ते विनामूल्य उपलब्ध आहे. त्यांची गरज का पडली, हे अहवालाची रचना पाहिली म्हणजे उमजते.

महाभारतात जशी पर्वे, पर्वांत अध्याय आणि अध्यायांत श्लोक, तशी या अहवालातही उतरंड असते. विचारलेला क्रम ही पहिली पायरी. त्याच्याशी जुळलेल्या भांडारातील नोंदी ही दुसरी. एकाच नोंदीत जुळलेले वेगवेगळे तुकडे ही तिसरी. ही उतरंड न ओळखता जी आज्ञावली नुसत्या ओळी मोजते, ती एकाच प्रथिनाचे तीन तुकडे जुळले तर तीन प्रथिने सापडली असे सांगून मोकळी होते. अहवालातील स्थाने एकपासून मोजलेली असतात, तर पायथन भाषा शून्यापासून मोजते. एवढ्याशा फरकाने सबंध उतारा एका अक्षराने सरकतो.

आकड्यांचेही असेच. ब्लास्टच्या जुन्या मजकुरी अहवालांत अतिसूक्ष्म संख्या छापताना आरंभीचा एक गाळून नुसते ‘ई-१००’ असे छापले जाई. माणसाच्या डोळ्याला त्यात अडचण नव्हती. पायथनला मात्र ती संख्याच वाटत नसे आणि काम थांबे; पर्ल तिला मुकाट्याने शून्य समजे आणि पुढे जाई. यांपैकी थांबणारी चूक परवडली. मुकाट्याने पुढे जाणारी चूक कोणाच्या लक्षात येत नाही. शिवाय माणसांसाठी छापलेल्या अहवालाची मांडणी आवृत्तीगणिक बदले, आणि काल चालणारे वाचन आज बंद पडे. म्हणूनच यंत्राने वाचण्यासाठी वेगळे रूप घ्यावे, असा सल्ला जाणकार देतात. त्यातील सर्वांत सुटसुटीत रूप बारा स्तंभांचे आहे : विचारलेला क्रम, जुळलेली नोंद, साम्याची टक्केवारी, जुळणीची लांबी, न जुळलेली अक्षरे, खंड, दोन्हींकडील आरंभ आणि शेवट, ई-मूल्य, आणि गुणांक. तथापि या सुटसुटीतपणातही एक मेख आहे. एखाद्या क्रमाला काहीच जुळले नाही, तर साध्या तक्त्यात त्याची ओळच येत नाही. ‘शोधले, पण सापडले नाही’ आणि ‘शोधलेच नाही’ या दोन गोष्टी कागदावर सारख्याच दिसतात. कोणत्याही दप्तरात काम केलेल्या माणसाला या दोहोंतील अंतर सांगावयास नको.

या सर्व स्तंभांत ज्याचा अर्थ सर्वांत अधिक चुकीचा लावला जातो, तो ई-मूल्याचा. एवढ्या गुणांची जुळणी निव्वळ योगायोगाने किती वेळा आढळावी, याची ती अपेक्षित संख्या होय. ढोबळ हिशेब असा : विचारलेला क्रम २५० अक्षरांचा आणि भांडार दहा कोटी अक्षरांचे असेल, तर ३० गुणांकाच्या जुळण्या योगायोगानेच सुमारे २३ मिळतील, ५० गुणांकाची जुळणी मात्र अशा सुमारे ४५ हजार शोधांत एकदा मिळेल. भांडार दुप्पट झाले की ई-मूल्यही दुप्पट होते. म्हणजे तीच जुळणी, तेच गुण, पण पाच वर्षांनी तिचे वजन कमी. ई-मूल्य हा जुळणीचा अंगभूत गुण नाही. ती कोणत्या गर्दीत सापडली याच्याशी ते निगडित आहे.

हे विसरून भागत नाही, याचे एक ठळक उदाहरण २००१ सालचे आहे. त्या वर्षी फेब्रुवारीत मानवी जनुकसंचाचा पहिला आराखडा ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यात असे नमूद होते की २२३ मानवी प्रथिने जंतूंच्या प्रथिनांशी जुळतात, पण यीस्ट, सूत्रकृमी, फळमाशी अशा मधल्या सजीवांत त्यांचे नातलग आढळत नाहीत. यावरून, यांतील अनेक जनुके जंतूंकडून थेट पृष्ठवंशीयांत आली असावीत, असा तर्क मांडण्यात आला. बातमी सनसनाटी होती. काही महिन्यांतच स्टीव्हन साल्झबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तुलनेसाठी अधिक सजीवांचे क्रम घेतले, तेव्हा ती संख्या सुमारे ४० वर आली. आणि उरलेल्यांचेही स्पष्टीकरण काही वंशांतून जनुक लोपल्याने देता येते, असे त्यांनी दाखविले. यादीत मधला नातलग दिसला नाही, याचे एक कारण तो भांडारात दाखलच झालेला नव्हता, हे होते. दहा पोथ्या पाहून जो पाठ एकाकी वाटतो, तो शंभर पोथ्या पाहिल्यावर एकाकी राहत नाही, हे पाठचिकित्सकांना चांगले ठाऊक असते.

दुसरे उदाहरण २०१८ चे. ब्लास्टला ‘जास्तीत जास्त इतक्याच नोंदी दे’ असे सांगण्याची सोय आहे. कित्येकांनी तेथे ‘एक’ असा आकडा घालून मिळालेली नोंद सर्वोत्तम मानली. ती मर्यादा शोधाच्या आरंभीच्या टप्प्यातच लागू होते, त्यामुळे मिळणारी नोंद सर्वोत्तम असेलच असे नाही, हे त्या वर्षी निदर्शनास आणण्यात आले. ब्लास्टच्या कर्त्यांनी उत्तरादाखल आज्ञावलीतील एक दोष दुरुस्त केला आणि त्या सोयीचा अर्थही स्पष्ट केला. वाचणाऱ्या आज्ञावलीत कसलीही चूक नसताना निष्कर्ष चुकू शकतो, तो असा : प्रश्न एक विचारलेला असतो आणि उत्तर दुसऱ्याच प्रश्नाचे समजले जाते.

या पार्श्वभूमीवर व्हाइटफील्डच्या संस्थेने आरंभी स्वीकारलेला मार्ग विचारात घेण्याजोगा आहे. २००३ साली तिने मानवी प्रथिनांचा संदर्भसंग्रह प्रसिद्ध केला. त्यात २७५० प्रथिनांची माहिती होती. संग्रहाची यंत्रणा संगणकाची होती. परंतु जवळजवळ सर्व माहिती जीवशास्त्र शिकलेल्या माणसांनी तीन लाखांहून अधिक शोधनिबंध वाचून हाताने नोंदविलेली होती. जुळणी यंत्राने सुचवावी, आणि ती खरी की नाही हे माणसाने निबंध उघडून पाहावे, अशी ही कामाची वाटणी.

पुढे २०१४ साली याच संस्थेने अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाबरोबर मानवी प्रथिनसंचाचा आराखडा ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केला. तीस प्रकारच्या ऊती आणि पेशी तपासून १७,२९४ जनुकांची प्रथिने आढळल्याचे त्यात नोंदविले होते, आणि ज्या भागांतून प्रथिन निघत नाही असे समजले जाई, त्या भागांतून १९३ प्रथिने मिळाल्याचेही म्हटले होते. या आराखड्याचे जगभर स्वागत झाले, आणि टीकाही झाली. गंधज्ञानाशी निगडित प्रथिने नाकाशी संबंध नसलेल्या ऊतींत आढळावीत, हे काही स्पॅनिश संशोधकांना पटले नाही; या आराखड्यातील आणि त्याच वेळी जर्मनीतून प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या आराखड्यातील जुळण्या स्वीकारण्याचा उंबरठा पुरेसा कडक नव्हता, असा त्यांचा आक्षेप. येथेही वादाचा मुद्दा तोच होता : यादीतील कोणत्या ओळीवर विश्वास ठेवावा, आणि कोणत्या पुराव्यावर.

हा वाद पंडितांपुरता मर्यादित नाही. एखाद्या जनुकाला भांडारात चुकीचे नाव मिळाले, की पुढचा संशोधक आपला क्रम त्याच्याशी जुळवून तेच नाव आपल्या जनुकाला देतो, आणि त्याच्या पुढचा या दुसऱ्याकडून ते उचलतो. नकलाकाराची चूक जशी पोथीतून पोथीत जाते, तशी ही चूक भांडारातून भांडारात जाते. फरक इतकाच की नकलाकाराला महिने लागत, यंत्राला क्षण पुरतो. रोगाचे निदान, औषधाचा शोध, पिकाची नवी जात, यांचा पाया अशा नावांवर रचला जात आहे.

सुखटणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जो पाठ स्वीकारला, त्याच्याखाली नाकारलेले पाठही छापले. वाचकाला निर्णय पटला नाही, तर तो पुन्हा तपासण्याचे साधन त्याच पानावर मिळते. जुळणीची यादी वाचणाऱ्या प्रत्येक आज्ञावलीने एवढी शिस्त पाळली पाहिजे. कोणते भांडार, कोणत्या तारखेचे, आज्ञावलीची आवृत्ती कोणती, उंबरठा कोणता लावला आणि त्याखाली किती ओळी गाळल्या, हे तिने निष्कर्षाबरोबर लिहून ठेवावे. मग चूक झाली तरी ती सापडते, आणि जी सापडते ती दुरुस्त करता येते.