दबलेला मणका आणि एमआरआय



सत्तरीच्या आजी रिक्षात मागे बसलेल्या असतात. गतिरोधकावर रिक्षा उडते आणि पाठीत सणकन कळ येते. घरी आल्यावर ‘उसण भरली असेल’ म्हणून शेक, मलम, बाम. आठवडाभरानं एक्स-रे निघतो तेव्हा कळतं, मणका दबलाय. हाडं ठिसूळ झाली असली की पाण्याची बादली उचलण्याचंही निमित्त पुरतं. छातीचे मणके संपून कमरेचे सुरू होतात, त्या जागी हे सर्वांत जास्त घडतं.

एक्स-रेमध्ये मणका पाचरीसारखा चेपलेला दिसतो. पण तो परवा चेपला की पाच वर्षांपूर्वी, हे त्यावरून अनेकदा सांगता येत नाही. आजचं दुखणं त्याच मणक्याचं आहे का, हा प्रश्न तसाच राहतो. इथे एमआरआय कामाला येतो.

या यंत्रात क्ष-किरण नसतात, लोहचुंबक असतं. नेहमीच्या दीड टेस्ला यंत्राचं चुंबकत्व पृथ्वीच्या साधारण तीस हजार पट. हे यंत्र शरीरातल्या पाण्यातल्या आणि चरबीतल्या हायड्रोजनचा संदेश टिपतं. ताज्या फ्रॅक्चरमध्ये हाडाच्या मगजाला सूज येते, म्हणजे तिथे पाणी वाढतं. चरबीचा संदेश दाबणाऱ्या ‘स्टर’ चित्रांत असा मणका पांढरा उजळून निघतो. रिपोर्टात ‘मॅरो एडिमा’ लिहितात ते हेच. जुना, भरून आलेला मणका शेजारच्या मणक्यांसारखाच दिसतो, फक्त बुटका. ही सूज काही महिनेही टिकते, त्यामुळे तारीख काही एमआरआय सांगत नाही. पण दबलेल्या तीन मणक्यांपैकी दुखणारा कोणता, हे बहुधा सांगतो. मणक्यात सिमेंट भरायचा विचार असेल, तर हे आधी कळायलाच हवं.

दुसरा प्रश्न जास्त गंभीर: मणका दबला कशानं? मणक्याची मागची भिंत फुगून मज्जारज्जूकडे आली असेल, मागच्या कमानीपर्यंत बदल पोचला असेल, बाजूला गाठ असेल, तर कॅन्सरची शंका घ्यावी लागते. मग सुईनं तुकडा काढून तपासतात. आपल्याकडे क्षयही विसरून चालत नाही, मग धार-झाबुआ-खरगोनकडून इंदूरच्या एमवाय रुग्णालयात येणारा रुग्ण असो की इथे राजवाड्याजवळ राहणारा. क्षय बहुधा दोन मणके आणि त्यांच्यामधली गादी मिळून खातो, शेजारी पू साठतो. नुसत्या ठिसूळपणानं मणका दबला, तर गादी सहसा शाबूत राहते.

मात्र पाठ धरली की लगेच एमआरआय, ही सवय मला पटत नाही. साठीनंतर बहुतेकांची एखादी गादी सुकलेली नाहीतर सरकलेली दिसतेच. मग ‘मणक्यात गॅप आलीय’ म्हणत माणूस विनाकारण धास्तावतो. आधी डॉक्टरांचा हात पाठीवरून फिरू द्या, एक्स-रे होऊ द्या. पायातली शक्ती गेली, लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, तर मात्र त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

तपासणीला जाताना जुने एक्स-रे बरोबर न्या. पेसमेकर असेल, मेंदूत क्लिप किंवा शरीरात कुठे धातू असेल, तर आधीच सांगा. आत ठकठक फार होते, कानात घालायला बोळे मागून घ्या. आणि ठिसूळपणानं मणका दबल्याचं निदान झालं, की हाडाची घनता मोजणाऱ्या डेक्सा तपासणीचं डॉक्टरांना स्वतःहून विचारा. नेहमीच्या एमआरआयमध्ये ही घनता मोजली जात नाही.