उसनें गाणें आणि त्याची परतफेड

आपल्याकडे एखाद्या गवयाला आपल्या गुरूचें नांव घेण्याचा प्रसंग आला, म्हणजे त्याचा हात नकळत कानाच्या पाळीकडे जातो. ज्याच्यापासून विद्या घेतली त्याचें नांव नुसत्या तोंडानें घेऊं नये, एवढाच त्या खुणेचा अर्थ. आज ज्या गायकाच्या ध्वनिमुद्रिकांविषयीं मी बोलणार आहें, त्याच्या देशांत अशी चाल नाहीं. परंतु त्याच्या सुमारें साठ वर्षांच्या गायनाचा वृत्तान्त पाहिला, म्हणजे तो हात कानापर्यंत पोंचावयास किती काळ लागूं शकतो, व तो पोंचल्यावर गाण्यांत काय पालट होतो, हें फार स्पष्ट दिसतें. त्या गायकाचें नांव रॉबर्ट प्लँट.

प्लँटचा जन्म २० ऑगस्ट १९४८ रोजीं इंग्लंडमधील वेस्ट ब्रॉमविच येथें झाला. हा प्रदेश कोळशाच्या खाणींचा आणि लोखंडाच्या भट्ट्यांचा. त्याला 'ब्लॅक कंट्री', म्हणजे 'काळा मुलूख', असेंच म्हणतात. तेथल्या मुलाचा अमेरिकेंतील मिसिसिपी नदीकांठच्या कापसाच्या शेतांशीं संबंध काय, असें कोणी विचारील. तो संबंध तबकडीनें जोडला. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळांत अमेरिकेंतील ध्वनिमुद्रिका इंग्लंडांत येऊं लागल्या, आणि तेथील तरुण पिढीला ब्लूज नांवाच्या गाण्याचें वेड लागलें. प्लँट त्यांपैकींच एक.

ब्लूज हें अमेरिकेच्या दक्षिणेकडील कृष्णवर्णीय लोकांचें गाणें. १८६५ सालीं तेथील गुलामगिरी कायद्यानें संपली. परंतु दारिद्र्य, अपमान आणि परक्याच्या शेतांतील राबणूक संपली नाहीं. त्या जीवनांतून हें गाणें उपजलें. त्याची नेहमींची बांधणी अगदीं साधी आहे. गायक एक ओळ म्हणतो. तीच ओळ पुन्हां म्हणतो. आणि तिसऱ्या ओळींत तिला उत्तर देतो. सुरांच्या बाबतींत मात्र आपल्या कानाला ओळखीची वाटावी अशी एक गोष्ट त्यांत आहे. त्यांतील गंधार आणि निषाद पुष्कळदां धड कोमल नसतात, धड शुद्धही नसतात. दोहोंच्या मधल्या जागीं ते रेंगाळतात. पियानोच्या पट्ट्यांत ती जागा नाहीं. गळ्यांत आणि गिटारच्या तारेवर आहे. या ब्लूजबरोबर डोंगराळ भागांतील जुनीं कथागीतें, प्रार्थनामंदिरांतील भजनें आणि खेड्यापाड्यांतील 'कंट्री' गाणीं एकत्र केलीं, म्हणजे जें होतें त्याला अलीकडे 'अमेरिकाना' असें नांव पडलें आहे.

१९६८ सालीं लंडनमध्यें जिमी पेज या गिटारवादकानें लेड झेपेलिन हा संच उभा केला, आणि विशींतला प्लँट त्याचा गायक झाला. त्याचा आवाज विलक्षण होता. तार सप्तकांत तो इतक्या जोरानें आणि इतक्या सहज जाई कीं, गिटारच्या कर्कश नादालाही तो झांकतां येत नसे. पुढील दहा-बारा वर्षांत या संचानें अमाप कीर्ति आणि अमाप पैसा मिळविला. पण त्याच्या भांडवलांतील बराचसा भाग उसना होता, आणि आजच्या माझ्या भाषणाचा मुख्य विषय तोच आहे.

विली डिक्सन हा मिसिसिपींत १९१५ सालीं जन्मलेला व शिकागोंत नांवारूपास आलेला गीतकार. त्याचें एक गीत मडी वॉटर्स या थोर गायकानें १९६२ सालीं मुद्रित केलें. १९६९ सालीं झेपेलिनची दुसरी ध्वनिमुद्रिका निघाली. तिच्या आरंभींचें 'होल लॉट्टा लव्ह' हें गाणें जगभर गाजलें. त्यांतील शब्दांचा मोठा भाग डिक्सनच्या गीतांतून आलेला होता. परंतु कर्त्यांच्या नांवांत डिक्सनचें नांव नव्हतें. १९८५ सालीं डिक्सननें दावा लावला. १९८७ सालीं तो आपसांत मिटला, आणि त्यानंतर त्याचें नांव त्या गाण्याखालीं छापलें जाऊं लागलें. याच मुद्रणांत एके ठिकाणीं प्लँटच्या आवाजाच्या आधीं त्याचाच एक पुसट आवाज ऐकूं येतो. आधींच्या एका गायनाचा तो अंश फितीवरून पुरता पुसला जाईना, तेव्हां मुद्रण करणारानें त्याला घुमारा देऊन तसाच राहूं दिला. आज तें गाणें ऐकतांना मला वाटतें, त्याच्याही मागें आणखी एक आवाज आहे. तो मात्र पुष्कळ वर्षें ऐकूं येऊं दिला गेला नाहीं.

न्यायाच्या दृष्टीनें दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १९२७ सालीं मिसिसिपी नदीला महापूर आला, बांध फुटले आणि लक्षावधि लोक बेघर झाले. त्या आपत्तीवर मेंफिस मिनी या गायिकेनें आपला पति जो मकॉय याच्यासह १९२९ सालीं एक गीत मुद्रित केलें. १९७१ सालीं झेपेलिननें तें घेतलें. हॅम्पशायरमधील एका जुन्या घराच्या जिन्याच्या उंच पोकळींत ढोल मांडून त्यांचा नाद टिपला, आणि मूळच्या दोन गिटारींच्या हलक्या गाण्याला पुराचें रौद्र रूप दिलें. या तबकडीवर मेंफिस मिनीचें नांव पहिल्यापासून छापलेलें आहे. म्हणजे नांव कसें द्यावें हें या मंडळींना ठाऊक नव्हतें, असें नाहीं.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो उडवून लावण्यासारखा नाहीं. लोकगीत हें कोणा एकाच्या मालकीचें नसतेंच, असें जाणते लोक म्हणतात. ब्लूजच्या गायकांनीं स्वतःच एकमेकांच्या ओळी घेतल्या, चाली घेतल्या, त्यांत भर घातली. आपल्या जात्यावरच्या ओव्यांचे कर्ते तरी कोण? मग इंग्लंडांतील पोरांनीं घेतलें तर बिघडलें कोठें? याचें उत्तर असें कीं, ओवी म्हणणारी बाई ओवीखालीं आपलें नांव छापून त्यावर वर्षानुवर्षें द्रव्य घेत नाहीं. ज्या क्षणीं गाण्यावर कर्त्याचें नांव व हक्क यांची नोंद होते, त्या क्षणीं तें गाणें हिशेबाच्या वहींत येतें. आणि वहींत आलेल्या गोष्टीला वहीचा न्याय लागू होतो. त्यांतून, घेणारा धनाढ्य आणि देणारा दरिद्री असेल, तर उसनवारीला दुसरेंच नांव पडतें.

अंध गायक विली जॉन्सन याचें उदाहरण पाहा. टेक्सास प्रांतांत रस्त्यांवर भजनें गाणारा हा मनुष्य. १९२७ ते १९३० या अवधींत कोलंबिया कंपनीनें त्याचीं तीस गाणीं मुद्रित केलीं. १९४५ सालीं तो गरिबींतच वारला. १९७७ सालीं अमेरिकेनें अवकाशांत सोडलेल्या व्हॉयेजर यानांवर मानवजातीची ओळख म्हणून जी सुवर्णतबकडी पाठविली, तींत जॉन्सनचें एक गाणें आहे. भैरवींतील केसरबाई केरकरांचा स्वरही त्याच तबकडीवर आहे. परंतु त्याच्या आदल्याच वर्षीं, १९७६ सालीं, झेपेलिननें जॉन्सनचें 'नोबडीज फॉल्ट बट माइन' हें गीत आपल्या पद्धतीनें मुद्रित केलें, तेव्हां कर्ते म्हणून पेज आणि प्लँट हीं दोनच नांवें छापलीं. सर्व दोष माझाच, असें म्हणणाऱ्या गीतावर हा प्रसंग यावा, याला काय म्हणावें?

या उसनवारींत आपल्या मुंबईचाही एक लहानसा भाग आहे. १९७२ सालीं पेज आणि प्लँट मुंबईस आले व येथील वादकांना घेऊन त्यांनीं आपलीं दोन गाणीं मुद्रित केलीं. तें मुद्रण पुष्कळ वर्षें अप्रकाशित होतें. २०१५ सालीं तें अधिकृतपणें निघालें. गाण्यांच्या यादींत 'बॉम्बे ऑर्केस्ट्रा' असा सामुदायिक उल्लेख आहे. त्रेचाळीस वर्षांनीं कां होईना, शहराचें नांव आलें.

२५ सप्टेंबर १९८० रोजीं झेपेलिनचा ढोलवादक जॉन बॉनम हा प्लँटचा जुना सोबती वारला, आणि त्याच वर्षीं संच मोडला. पुढें प्लँट स्वतंत्रपणें गात राहिला. त्याच्या आयुष्याला खरें वळण लागलें तें २००४ सालीं. लेड बेली या जुन्या ब्लूज गायकाच्या स्मरणार्थ अमेरिकेंतील क्लीव्हलँड शहरीं झालेल्या एका कार्यक्रमांत त्याची अ‍ॅलिसन क्राउस हिच्याशीं गांठ पडली. क्राउस ही फिडल वाजविणारी, ब्लूग्रास नांवाच्या डोंगरी संगीतांत लहानपणापासून वाढलेली गायिका. तिचा आवाज बारीक, निर्मळ आणि अगदीं नेमका. या दोघांनीं टी-बोन बर्नेट या जाणत्याच्या देखरेखीखालीं जी ध्वनिमुद्रिका केली, ती ऑक्टोबर २००७ मध्यें 'रेझिंग सँड' या नांवानें निघाली.

ती ऐकतांना पहिली जाणीव होते ती अशी कीं, प्लँट ओरडत नाहीं. एकट्यानें तार सप्तक गाजविणाऱ्या या मनुष्याला दुसऱ्याच्या सुराशीं सूर जुळवून, खालच्या आवाजांत, शब्द न शब्द मोजून गावें लागलें. अशा जोडगायनाची आपल्याला संवय नव्हती, हें त्यानें स्वतः सांगितलें आहे. ज्याला साथ करावयाची त्याला आधीं ऐकावें लागतें. आणि ऐकूं लागलेल्या मनुष्याचा आवाज आपोआप नम्र होतो. दुसरी गोष्ट गाण्यांच्या निवडीची. एव्हर्ली बंधु, जीन क्लार्क, टाउन्स व्हॅन झँट अशा इतरांच्या रचना तींत आहेत आणि प्रत्येकाखालीं त्याच्या कर्त्याचें नांव आहे. प्लँटच्या स्वतःच्या भागीदारींतलें गाणें एकच. २००९ सालच्या ग्रॅमी पारितोषिकांत वर्षांतील सर्वोत्तम ध्वनिमुद्रिकेसह पांच पारितोषिकें या मुद्रिकेला मिळालीं.

याच सुमारास त्याची परीक्षाही झाली. १० डिसेंबर २००७ रोजीं लंडनमध्यें झेपेलिनचे उरलेले तिघे व बॉनमचा मुलगा एका रात्रीपुरते एकत्र आले. त्या एका कार्यक्रमासाठीं दोन कोटी लोकांनीं तिकिटें मागितलीं, असें तेव्हां सांगण्यांत आलें. पुन्हां संच बांधून दौरा काढला असता, तर केवढें द्रव्य मिळालें असतें याचा हिशेब आपणच करावा. प्लँटनें तें नाकारलें आणि २००८ सालीं तो क्राउसबरोबर हलक्या सुरांतलीं दुसऱ्यांचीं गाणीं गाण्यासाठीं दौऱ्यावर गेला. साठाव्या वर्षीं आपली जुनी गर्जना विकावयाची नाहीं, असें ठरविणें सोपें नसतें.

२०२१ सालीं या जोडीची दुसरी मुद्रिका निघाली. तींत गीशी वायली या गायिकेचें एक गाणें आहे. १९३० सालीं विस्कॉन्सिनमधील ग्राफ्टन या गांवीं, खुर्च्या बनविणाऱ्या एका कारखान्याच्या मालकीच्या पॅरामाउंट या तबकडी कंपनीनें वायली आणि तिची सोबतीण एल्व्ही टॉमस यांचें गायन मुद्रित केलें. दोघींच्या मिळून अवघ्या सहा बाजू आज ऐकावयास मिळतात. तिचें आयुष्य जवळजवळ पुसून गेलें. राहिलें तें गाणें, आणि आतां त्या गाण्याबरोबर नांवही.

आणि २०२५ सालीं, सत्त्याहत्तराव्या वर्षीं, प्लँटनें सूझी डायन या गायिकेच्या साथीनें 'सेव्हिंग ग्रेस' ही मुद्रिका काढली. तींत मेंफिस मिनीच्या परंपरेंतलें गाणें आहे आणि अंध विली जॉन्सनचेंही एक आहे. या खेपेस जॉन्सनचें नांव त्याच्या गाण्याबरोबर आहे. १९७६ ते २०२५ म्हणजे एकोणपन्नास वर्षें झालीं. आवाज आतां पूर्वीसारखा उंच चढत नाहीं. कांठाशीं थोडा खरबरीत झाला आहे. पण ज्या दुःखाचें हें गाणें आहे, त्या दुःखाच्या अधिक जवळ तो आतां गेला आहे, असें माझ्या कानाला वाटतें.

प्लँटनें सर्व देणें फेडलें, असें माझें म्हणणें नाहीं. जॉन्सनला त्याच्या हयातींत जें मिळालें नाहीं, तें कोणीही आतां देऊं शकणार नाहीं. पण आपल्या घरांतली एक जुनी रीत आहे: शेजारणीकडून वाटीभर साखर उसनी आणली, तर परत करतांना वाटी शिगोशीग भरून द्यावी. हें जोंवर आठवतें, तोंवर उसनवारीनें शेजार तुटत नाहीं, उलट जडतो. तेव्हां श्रोतेहो, या गायकाच्या मुद्रिका ऐकावयाच्या असतील तर एक करा. गाण्याच्या नांवाखालीं बारीक अक्षरांत जें दुसरें नांव छापलेलें असतें तें आधीं वाचा, आणि त्या माणसाचें मूळ गाणेंही शोधून एकदां ऐका. मग प्लँटचें ऐका. घेतलेलें किती आणि घातलेलें किती, हें तुमचे तुम्हांलाच कळेल.