गाडी तापते तेव्हा



माणसाला ताप येतो, तसा गाडीलाही येतो. आज त्या तापाविषयी दोन गोष्टी सांगणार आहे.

आपल्या जव्हार-मोखाड्याकडे जुन्या जीपगाड्या अजून धावतात. बाजाराला जायचे तर जीप. रात्री-अपरात्री आजारी माणसाला न्यायचे तर पुष्कळदा जीपच. ती घाटात बंद पडली, म्हणजे सगळ्यांचाच खोळंबा. गाडीवाल्याचा तर दिवसाचा धंदा बुडतो.

बरं, गाडी तापली की आपण काय करतो? झऱ्यावर डबा भरतो, पाणी ओततो आणि पुढे निघतो. पण ताप हा रोग नव्हे, ती रोगाची खूण आहे. कपाळावर पाण्याची पट्टी ठेवली म्हणून हिवताप जातो का? तसेच हे.

इंजिनात तेल जळते. त्या उष्णतेचा साधारण तिसरा हिस्साच गाडी ओढतो. बाकीची उष्णता बाहेर टाकावी लागते. काही धुराबरोबर जाते, काही पाण्याबरोबर. पंप ते पाणी इंजिनाभोवती फिरवतो. तापलेले पाणी पुढच्या जाळीत, म्हणजे रेडिएटरमध्ये येते. तिथे वाऱ्याने निवते आणि परत इंजिनाकडे जाते. विहिरीवरच्या रहाटासारखे हे चक्र चालू असते. चक्र अडले की गाडी तापते.

विक्रमगडकडून जव्हारला चढताना, किंवा मोखाड्याहून त्र्यंबककडे तोरंगणचा घाट चढताना, गाडी हळू चालते. इंजिन मात्र जोरात फिरते. उष्णता वाढते आणि समोरचा वारा कमी होतो. म्हणून दुखणे आधी घाटात कळते.

काटा 'एच' या अक्षराकडे गेला की तापली समजा. गाडी कडेला घ्या. माणसे उतरवा. चाकाला दगड लावा. इंजिन बंद करा. मग अर्धा तास थांबा. तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडू नका. आतले पाणी दाबाखाली असते. ते शंभर अंशांच्या वर तापलेले असते. झाकण सैल होताच उकळते पाणी तोंडावर उडते. डोळे जातात, कातडी सोलून निघते. उतारू घाई करतील, करू द्यात. गाडी निवल्यावर जाड फडके धरून झाकण हळूच सैल करा. तापलेल्या इंजिनात गार पाणीही ओतू नका. तापल्या मडक्यावर गार पाणी पडले की ते तडकते. लोखंडाचेही तसेच होते.

आता रोग शोधू. पहिला प्रश्न : पाणी कमी होते का?

1888 साली जर्मनीत बर्था बेंझ नावाची बाई दोन मुलांना घेऊन मोटारीतून शंभर किलोमीटरवर माहेरी गेली. वाटेत ती जागोजागी गाडीत पाणी भरत होती. त्या गाडीची रचनाच तशी होती. पाणी वाफ होऊन उडून जाई. आपल्या जीपचे तसे नाही. इथे तेच पाणी फिरत राहते. रोज डबाभर पाणी लागत असेल, तर ते कुठेतरी जाते आहे.

सकाळी गाडीखाली ओल बघा. रबरी नळ्यांचे सांधे बघा. पंपाखाली थेंब बघा. बाहेर कुठे गळत नसेल, तर पाणी इंजिनात जात असेल. तेलाची पट्टी काढून बघा. तेल दुधाच्या चहासारखे दिसले, किंवा गाडी गरम झाल्यावरही मागून पांढरी वाफ येत राहिली, तर हेडचे गॅसकेट गेले असा संशय घ्या. मग गाडी पुढे रेटू नका. सरळ मेस्त्री बोलवा.

दुसरा प्रश्न : तापते केव्हा?

उभी असताना तापते आणि पळताना निवते, तर दोष पंख्याकडे. जुन्या जीपमध्ये पंखा आणि पंप बहुधा एकाच पट्ट्यावर फिरतात. इंजिन बंद करून पट्टा अंगठ्याने दाबा. साधारण अर्धा इंच दबावा. जास्त दबला तर सैल आहे. चिरा पडल्या असतील तर बदला. इंजिन चालू असताना मात्र तिथे हात नको. गळ्यातला टॉवेल, साडीचा पदर पंख्यापासून लांब ठेवा.

उभी असताना ठीक आणि चढावर तापते, तर बहुधा रेडिएटर तुंबला आहे. बाहेरून चिखल, किडे बसतात. आतून पांढरा थर धरतो. पाणी तापवायच्या पातेल्याला धरतो, तसाच.

वरची नळी चटका देते आणि खालची गारच, तर पाणी फिरत नाही. थर्मोस्टॅट अडकला असेल, रेडिएटर तुंबला असेल, नाहीतर पंप गेला असेल. थर्मोस्टॅट हे पाण्याच्या वाटेवरचे दार. काही जण ते काढूनच टाकतात. मग इंजिन नीट गरम होत नाही, तेल जास्त खाते. बिघडले तर नवे बसवावे.

बोअरचे पाणी शक्यतो घालू नये. त्यातल्या क्षारांचा थर बसतो. कूलंट घालावे. पण ते विष आहे आणि चवीला गोड लागते. मुले, कुत्री, शेळ्या त्याला तोंड लावतील, असे उघडे ठेवू नका. रिकाम्या डब्यात प्यायचे पाणी कधीही भरू नका.

शेवटची गोष्ट. तुम्ही आता लिहायला शिकलात. गाडीत एक वही ठेवा. गाडी तापली की चार गोष्टी लिहा. तारीख कोणती, जागा कोणती, माणसे किती, पाणी किती घातले. "परवा कधीतरी तापली होती बुवा," असे सांगून मेस्त्रीला काही उमगत नाही. मग तो एकेक भाग बदलत बसतो आणि पैसे तुमचे जातात. वही दाखवलीत, तर दहा भागांतला बिघडलेला एक सापडतो. वेळीच दहा बोटांची नळी बदलली, तर अख्खे इंजिन वाचते.

अक्षर वाकडे आले तरी चालेल. नोंद खरी असावी.