ऊर्जेचा जमाखर्च



कापड व्यापाऱ्याने जीवसृष्टीतील ऊर्जेवर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु हा विषय मुळात जमाखर्चाचाच आहे.

आपल्याकडील गुऱ्हाळ आठवा. उसाने वर्षभर सूर्यप्रकाश साठवून रस तयार केला. तो काहिलीत आटतो त्याच उसाच्या चिपाडांच्या जाळावर. चुलवणातील राख शेतात जाऊन पुढील पिकास उपयोगी पडते. निघून गेलेली उष्णता मात्र कोणत्याही उसात परतत नाही. द्रव्य फिरून येते, ऊर्जा एकदाच वाहते. म्हणून सूर्याला रोज नवे भांडवल घालावे लागते.

१९४२ साली रेमंड लिंडेमन या तरुण अमेरिकन शास्त्रज्ञाचा एका तळ्याच्या अभ्यासावर आधारलेला निबंध प्रसिद्ध झाला. दुर्दैवाने तो छापून येण्यापूर्वीच, वयाची सत्तावीस वर्षेही पूर्ण न होता, त्याचे निधन झाले होते. या विचारातून पुढे दहा टक्क्यांचा ठोकताळा रूढ झाला. कापडाचा तागा हात बदलतो तेव्हा प्रत्येक हाती किंमत वाढते. येथे प्रत्येक हाती रुपयाचे दहाच पैसे उरतात, बाकीचे श्वासोच्छ्वास, हालचाल आणि उष्णता यांत खर्ची पडतात. गवताच्या हजार भागांतून गव्याच्या अंगी शंभर, वाघाच्या अंगी दहा. राधानगरीच्या ३५१ चौरस किलोमीटरांच्या अभयारण्यात गव्यांचे कळप दिसतात आणि वाघ विरळा, याचे हे एक कारण होय.

आपल्या आगमांनी जीवांची गणना इंद्रियांवरून केली. ऊर्जेची उतरंड ही निराळी गणना आहे. दोन्ही एकच असल्याचे ओढूनताणून सिद्ध करणारे लेखन मला रुचत नाही. गाय पंचेंद्रिय, तरी या हिशेबात ती वनस्पतीच्या लगतच्याच पायरीवर येते. शाकाहार पहिल्या पायरीवरचा, म्हणून थोड्या जमिनीत भागणारा, हे खरे. पण दूध-तूप दुसऱ्या पायरीचे आहे, हेही खतावणीत मांडावे लागेल.

आता आपला रंकाळा. पाण्यातील सूक्ष्म शेवाळ, त्यावर बारीक जीव, त्यांवर मासे, माशांवर पाणकावळे आणि खंड्या. एवढ्या संसाराला सूर्य पुरेसा होता. त्यात शहराचे सांडपाणी गेले, निर्माल्य गेले आणि पुण्यबुद्धीने टाकलेल्या कणकेच्या गोळ्याही गेल्या. सांडपाण्यातील नत्र-स्फुरदाने शेवाळ माजते, मरते, कुजते. त्या आयत्या ऊर्जेवर जीवाणू बेसुमार वाढून पाण्यातील प्राणवायू संपवतात. अशा वेळी मासे उपासमारीने मरत नाहीत, गुदमरून मरतात. न खाल्लेली गोळीही तळाशी हेच करते. सांडपाण्याचा वाटा मोठा आहे आणि तो रोखणे एकट्यादुकट्याचे काम नव्हे. निर्माल्य आणि कणीक मात्र आपल्या हातची.

मंदिरातील फुले-अक्षता खतखड्ड्यात घालाव्यात, असे सुचविताच खड्ड्यातही जीवोत्पत्ती होईल अशी शंका निघते. ती रास्त आहे. पण कुजणे कोठेच टळत नाही, केवळ जागा बदलते. खड्डा अधूनमधून वरखाली केला तर त्यात हवा खेळते, तळ्याच्या तळाशी ती पोहोचत नाही. आवारातील एक कोपरा या कामी मिळावा, असा अर्ज मी विश्वस्तांकडे दिला आहे. त्याचा खर्च महोत्सवाच्या एका कमानीहून कमीच भरेल.

जय जिनेंद्र.